गृहपाठ चौथा: कुटुंब

रेंज येते ती बर्फाच्या कारखान्यामागे,
जिथे भिंत खाऱ्या हवेने पापुद्रे सोडते
आणि रिकाम्या क्रेटवर बसलं तर
फोनवर दोन दांड्या दिसतात,
वारा मतलई असला तर तीन.
हेडफोनचं एकच बोंड चालतं.
त्यातून पुण्याच्या मॅडम सांगतात,
रुग्ण एकटा नसतो, रुग्ण म्हणजे घर.
दुसऱ्या कानात बर्फ फोडत असतात.

मी मिठमुंबरीची नर्सबाई, सतरा वर्षं.
लस, नाळ, वजनकाटा,
रात्री होडीत घालून नेलेली बाळंतीण,
आणि दरवेळी शेवटी तेच वाक्य:
डॉक्टरांना दाखवा, देवगडला न्या.
हा कोर्स पुरा झाला तर
ते वाक्य थोडं उशिरा म्हणता येईल.
एवढ्यासाठी पतपेढीतून पैसे काढले,
नवऱ्याला निम्मीच फी सांगितली.

गृहपाठ चौथा. एका कुटुंबाचा आलेख काढा, तीन पिढ्या.
पुरुष चौकोन, बाई वर्तुळ.
लग्नाला आडवी रेघ, मुलाला उभी.
मेलेल्यावर फुली.
आजार कोपऱ्यात रंगवा.
मुदत रविवार, रात्री अकरा एकोणसाठ.

मी सगुणा खवणेकरचं घर घेतलं.
वरचा रक्तदाब एकशे ऐंशी, गोळी आठवली तर खाते.
तिच्या पडवीत बसून पाठकोऱ्या कागदावर काढत गेले:
सासरा, चौकोन, फुली. पायात गळ घुसून धनुर्वात.
सासू, वर्तुळ, फुली, कोपऱ्यात साखर.
नवरा आत खाटेवर,
त्याचा कोपरा नाही, उजवी बाजूच रंगवली.
मुली दोन, एक मालाडला, एक मुणग्याला.
मग मुलगा.

चार वर्षांपूर्वी वादळाची सूचना आली तेव्हा
सहा होड्या परत फिरल्या, एक फिरली नाही.
तिच्यावरचे तिघे सापडले. लवू सापडला नाही.
कागदोपत्री बेपत्ता.
सात वर्षं भरली की सरकार त्याला मेला म्हणेल,
तोवर रेशनकार्डावर त्याचे पाच किलो चालू आहेत.

सगुणा वाकून बघत होती.
"ह्यां वाटोळां कोण?"
तू.
"भाकरी कशी दिसतंय गो मी," म्हणाली आणि हसली.
मग पेनाच्या टोकाकडे बघत,
आवाज न चढवता:
"माझ्या झिलावर फुली मारू नको हां."

एकशे बारा पानांची पीडीएफ चाळली.
घटस्फोटाला दोन तिरक्या रेघा,
दत्तकाला तुटक रेघ, पडलेल्या गर्भाला त्रिकोण,
घरात मांजर असेल तर तिलाही खूण आहे, शंकरपाळीसारखी.
समुद्रावरून न आलेल्याला नाही.

मी चौकोन काढला, तीन बाजूंचा.
चौथी, पश्चिमेची, उघडी ठेवली.

रविवारी रात्री फोटो चढता चढता
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडकला.
फोन डोक्यावर धरून मी उभी.
कारखान्याचा रखवालदार म्हणाला,
"बाय, वरसून काय पडतला काय?"
अकरा अठ्ठावन्नला गेला.

वीसपैकी अठरा.
शेरा: आकृती नीट बंद करावी.
दुरुस्तीला मंगळवारपर्यंत मुभा होती.

मंगळवारी मी सगुणाकडे,
तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून.
"काल इसारलंय गोळी," म्हणाली, "आज खाल्लंय."
हवा सुटत होती, सावकाश.
"पास झालंस तर बदली होतली काय गो तुझी?"

बोलू नको, म्हटलं, आकडा चुकतो.

एकशे छप्पन्न आला.
मी पुन्हा मोजायला घेतला.